अचल मोटारीचे खानदेशी निदान

चालता चालता बंद पडणारी मोटार आणि मुळात सुरूच न होणारी मोटार या दोन भिन्न अवस्था असून पहिलीत मालकाला निदान घराबाहेर पडल्याचे समाधान लाभते, दुसरीत तेवढेही लाभत नाही. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या अवस्थेपुरते मर्यादित आहे. मोटारीबरोबर मिळणाऱ्या, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या वेष्टनासकट जपल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकेत असे गृहीत धरलेले असते की दोष शोधण्याचे काम चालक एकटा करील, शांत चित्ताने करील आणि पुस्तिका वाचून करील. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे एके काळच्या पूर्व आणि पश्चिम खानदेशात, या तिन्ही गृहीतकांना कसलाही आधार सापडत नाही.

येथे बोनेट वर होणे ही जाहीर निमंत्रणाची खूण मानली जाते. जळगावची अजिंठा चौफुली असो, धुळ्याचे देवपूर असो, किंवा या दोन शहरांना जोडणाऱ्या, एरंडोल-पारोळ्यावरून जाणाऱ्या सुमारे ९० किलोमीटरच्या रस्त्यावरची एखादी टपरी असो, उघड्या बोनेटभोवती पाच-सात जण जमायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. या मंडळात बहुधा एक सेवानिवृत्त एसटी चालक असतो, एक ट्रॅक्टरमालक असतो, एकाच्या चुलतभावाचे गॅरेज असते आणि एकाकडे सायकलखेरीज कोणतेही वाहन नसते, परंतु आवाज सर्वांत मोठा त्याचाच असतो. पहिला प्रश्न ‘काय व्हयनं, आप्पा?’ असा अहिराणीत येतो. त्याला उत्तर अपेक्षित नसते, कारण ते विचारणाऱ्याजवळ आधीच तयार असते. मोटारीची पाटी ‘एमएच १८’ असून ती जळगावात अडली असेल, किंवा ‘एमएच १९’ असून धुळ्यात अडली असेल, तर दोषाचा उगम आधी जिल्ह्यात आणि मग इंजिनात शोधला जातो. त्यानंतर एकमुखाने आदेश निघतो: ‘सेल मारा.’

सेल म्हणजे सेल्फ स्टार्टर, इंजिनाला पहिले फेरे घालून देणारी विजेवरची छोटी मोटार. इंजिन स्वतःहून पहिला फेरा घेऊ शकत नाही, कोणीतरी फिरवून दिल्यावरच ते आपल्या बळावर फिरू लागते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसवण्यात आला. तोवर हे काम मोटारीच्या तोंडात लोखंडी हँडल खुपसून हाताने करावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडलऐवजी मनगट फिरे. आपल्याकडे जुन्या जीप आणि अँबॅसिडर यांच्यासोबत हे हँडल पुढेही बराच काळ नांदले, आणि इंजिनाच्या कामी त्याची गरज संपल्यावरही, रस्त्यावरील वादविवादात मुद्दा पटवून देण्याचे साधन म्हणून, ते सीटखाली टिकून राहिले.

सेल मारण्याच्या आदेशात वावगे काही नाही. वावगे हे की तो पाळला जात असताना कोणीही ऐकत नाही. न सुरू होणारी मोटार आपले दुखणे स्वतःच सांगत असते, आणि मंडळींचे बोलणे दोन क्षण थांबले तर ते ऐकूही येते. किल्ली फिरवताच दिवे मंदावले आणि ‘टकटकटक’ असा सलग आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवरची जोडणी सैल झाली आहे, असे समजावे. हा आवाज सोलेनॉइडचा असतो. सोलेनॉइड म्हणजे किल्लीकडून येणाऱ्या थोड्याशा विजेच्या जोरावर बॅटरीतील मोठा प्रवाह स्टार्टरकडे सोडणारा चुंबकीय खटका; बॅटरी अशक्त असली की तो चिकटताच व्होल्टेज कोसळते, म्हणून तो सुटतो, सुटताच व्होल्टेज सावरते, म्हणून पुन्हा चिकटतो. याउलट एकच ठसठशीत ‘टक्’ येऊन पुढे शांतता पसरली आणि दिवे मात्र लख्ख राहिले, तर संशय स्टार्टरवर जातो. अशा वेळी स्टार्टरच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकण्याचा प्रघात असून, झिजलेले कार्बन ब्रश त्यामुळे क्षणभर जागेवर बसत असल्याने तो कधी कधी सफलही होतो, आणि ठोकणाऱ्याची प्रतिष्ठा त्या गल्लीत वर्षभर टिकते. दिवे लख्ख आणि आवाज मुळीच नाही, अशा स्थितीत नव्या मोटारींचा क्लच पूर्ण दाबलेला आहे काय, किंवा स्वयंचलित गिअरचा दांडा योग्य जागी आहे काय, हे पाहिल्याने अनेकांची अब्रू वाचलेली आहे. इंजिन ‘घर्र घर्र’ करीत जोमाने फिरते परंतु पेट घेत नाही, तेव्हा बॅटरी निर्दोष असून प्रश्न ठिणगीचा किंवा इंधनाचा आहे, हे उघड होय. तथापि ‘बॅटरी डाऊन’ हा निकाल मंडळ हमखास याच प्रसंगी देते.

निदानाची योग्य पद्धत खानदेशाला परकी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा घालून, पाटाने पाणी आणून, ते जमिनीच्या मोठ्या गटांना, म्हणजे फडांना, ठरल्या पाळीने देण्याची ही सामुदायिक व्यवस्था. शेवटच्या शेताला पाणी पोचले नाही तर पाटकरी तिथे उभा राहून पिकाला दोष देत नाही. तो पाटाच्या कडेने बंधाऱ्याकडे चालू लागतो, आणि जिथवर पाणी दिसते व जिथून दिसेनासे होते त्या दोन जागांच्या दरम्यान फूट शोधतो. विजेचा पाटही असाच आहे: बॅटरी, टर्मिनल, फ्यूज, किल्लीचा स्विच, सोलेनॉइड, स्टार्टर. तपासणीचा साधा दिवा हाती घेऊन वायरमनने या क्रमाने चालत जावे, आणि दिवा जिथे विझतो तिथे थांबावे. इंधनाच्या वाटेलाही, टाकीपासून पंप, फिल्टर आणि इंजेक्टरपर्यंत, हाच नियम लागू पडतो. जुन्या डिझेल इंजिनात मात्र एक निराळे संकट असते, ज्याला लाइनने एअर धरली असे म्हणतात. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिल्याने नळीत शिरलेली हवा पंपाखाली नुसती दबत राहते आणि डिझेल पुढे सरकत नाही. तेव्हा स्क्रू सैल करून, हातपंप दाबत दाबत, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत ती काढावी लागते. या विषयातील खरा अधिकारी मंडळातील ट्रॅक्टरमालक असतो, आणि नेमके त्यालाच कोणी बोलू देत नाही.

बॅटरीचा विचार अधिक विस्ताराने करणे भाग आहे, कारण खानदेशचे हवामान आणि बॅटरीची प्रकृती यांचे जुने वैर आहे. मोटारीची बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले सल्फ्युरिक आम्ल असलेले सहा कप्पे. प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि १२ च्या खाली आली की तिच्यात दम उरलेला नसतो. लहान मोटारीचा स्टार्टरदेखील सुरू होताना शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, त्यामुळे रेडिओ गातो, दिवे लागतात, तरी सेल मात्र फिरत नाही, ही मालकाला विश्वासघातासारखी वाटणारी घटना वस्तुतः साध्या अंकगणिताची आहे. उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते आणि शिशाच्या जाळ्या झपाट्याने गंजतात. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा एक ढोबळ ठोकताळा सांगितला जातो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आणण्यासाठी भर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या बोनेटखाली तर त्याहून कितीतरी अधिक. तरीही बॅटरी उन्हाळ्यात निमूट काम करते, कारण गरम इंजिन फिरवायला हलके असते. पुढे पौषात पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरतो, ऑइल घट्ट होते, रासायनिक क्रिया मंदावते, आणि मग बॅटरी मान टाकते. गुन्हा मे महिन्यात घडतो, प्रेत डिसेंबरात सापडते आणि आळ बिचाऱ्या थंडीवर येतो.

याच थंडीत भरीत पार्ट्यांचा हंगाम असतो. बामणोदची वांगी, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी किंवा पुरी, आणि शेतात वीज नसल्याने उजेडासाठी चुलीकडे तोंड करून उभी केलेली मोटार, अशी या समारंभाची मांडणी असते. मोटारीचे हेडलाइट चालू असतात, डेकवर गाणी चालू असतात, फोन चार्जिंगला लावलेले असतात, चारही दारे उघडी असल्याने आतला दिवाही चालू असतो. बंद असते ते फक्त इंजिन, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरला फिरवणारी एकमेव वस्तू. भरीत संपते तेव्हा बॅटरीही संपलेली असते, आणि मध्यरात्री, पोटात तिखट भरीत असलेली दहा माणसे काळ्या मातीच्या वावरातून मोटार ढकलू लागतात.

ढकलण्याचे शास्त्र थोडक्यात असे आहे: किल्ली चालू ठेवावी, क्लच दाबून दुसरा गिअर टाकावा, मोटारीने वेग घेतला की क्लच सोडावा, म्हणजे चाकेच इंजिनाला फिरवतात. स्वयंचलित गिअरच्या मोटारीला हा उपाय चालत नाही. बॅटरी अगदीच निष्प्राण असेल तर इंजेक्शनच्या मोटारीलाही तो लागू पडत नाही, कारण इंधनपंप आणि संगणक यांना जागे राहण्यापुरती तरी वीज लागते. परंतु ‘धक्का द्या रे भो!’ ही आरोळी एकदा उठली की हे अपवाद ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते. धक्का देणाऱ्यांतही श्रेणी असतात: जाणते पुरुष मागच्या काचेवर एक तळहात टेकवून मार्गदर्शन करतात, तरुण खरोखर ढकलतात, आणि जावयाने ढकलू नये, असा संकेत आहे, जो जावई काटेकोरपणे पाळतात.

महामार्गावर याहून मोठा धोका माणुसकीचा असतो. रावेर-यावलकडची केळी भरून निघालेला ट्रकचालक अडलेली मोटार पाहून थांबतो आणि आपल्या बॅटरीवरून वीज देऊ करतो; त्याचे मन मोठे असते, दुर्दैवाने व्होल्टेजही. बहुतेक अवजड ट्रकांत दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, आणि ते १२ व्होल्टच्या मोटारीला दिल्यास तिच्यातील इलेक्ट्रॉनिक्स भाजून निघू शकते. वीज १२ व्होल्टच्या दुसऱ्या मोटारीकडूनच घ्यावी. लाल केबल धनाग्राला धनाग्र अशी लावावी, काळी केबल चालू मोटारीच्या ऋणाग्राला, आणि तिचे शेवटचे टोक अडलेल्या मोटारीच्या बॅटरीला न लावता दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. बॅटरीवर वाकून बिडी ओढत सल्ला देणाऱ्या ज्येष्ठांना आदराने पण त्वरेने बाजूला घ्यावे.

उंदरांनी वायरी कुरतडणे, आणि त्यावर बोनेटखाली तंबाखूची पाने ठेवणे, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय असल्याने येथे सोडून दिला आहे. किल्लीतील चिप न ओळखल्याने इंजिनाला अडवून धरणारा इमोबिलायझर डॅशबोर्डवर किल्लीचे चित्र लुकलुकवून आपली तक्रार मांडतो, तेव्हा दुसरी किल्ली आणून पाहावी. टाकीत पेट्रोल आहे काय, हा प्रश्न सर्वांत आधी विचारण्याजोगा असूनही तो सर्वांत शेवटी, आणि तोही एखाद्या लहान मुलाकडून, विचारला जातो.

टर्मिनलवर जमणारी पांढरी-हिरवट बुरशी खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी यांनी निघते, आणि जोडणी पुन्हा घट्ट आवळली की बॅटरी मेली असा निकाल लागलेल्या कित्येक मोटारी तेवढ्यावरच सुरू होतात. वाचकांना विनंती अशी की दिवाळी आटोपताच, पहिल्या भरीत पार्टीचे निमंत्रण येण्यापूर्वी, बॅटरीवाल्याकडून लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर प्रत्यक्ष भार टाकून करायची चाचणी, करून घ्यावी. तरीही मोटार अडलीच, तर किल्ली फिरवण्याआधी जमलेल्या सर्वांना समोरच्या टपरीवर चहाला पाठवावे आणि पैसे आधीच देऊन ठेवावेत.