चार दिवसांचं स्वातंत्र्य

माझ्या आजाराचं पहिलं निदान 'पित्त' असं झालं. दर पावसाळा सरता सरता मी गादी धरायचो. दाढी वाढायची, दुकानाच्या किल्ल्या शेजाऱ्याकडे जायच्या. काकांच्या मते तो आळस होता, फॅमिली डॉक्टरांच्या मते पित्त. पुढे बी-बारा झालं, मग थायरॉइड. थायरॉइड तपासली ते बरंच केलं म्हणा, ती मंदावली की माणूसही असाच मंदावतो. पण माझा रिपोर्ट इतका देखणा आला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. शेवटी एका डॉक्टरांनी 'डिप्रेशन' लिहिलं आणि गोळ्या दिल्या.

त्या गोळ्यांनी मी उठलो. उठलो कसला, उडालोच! आमच्या सोलापूरची संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा तोंडावर होती. रात्री तीन तास झोपायचं आणि पहाटे कंबर तलावाला फेऱ्या मारायच्या. होम मैदानावर शेंगा चटणीचा स्टॉल लावायचं ठरवलं, अनामत भरली, दहा हजार लेबलं छापून घेतली, तीही मराठी, कन्नड आणि तेलुगूत. सोलापुरात धंदा करायचा तर एकही गिऱ्हाईक परत जाता कामा नये. शेंगदाणे आणायचे तेवढे राहिले. सोमवारी घेतलेली स्कूटर बुधवारी मेहुण्याला देऊन टाकली. काका भरल्या गळ्यानं म्हणाले, "आता कसा माणसात आलास बघ!" आपल्याकडे लोळणाऱ्याला डॉक्टरकडे नेतात. पहाटे चारला उठून कामाला लागणाऱ्याचं उदाहरण मुलांना देतात.

संक्रांत सरली आणि मी पुन्हा गादीत.

या खेपेला बायकोनं थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठले आणि स्वतःही आत येऊन बसली. डॉक्टरांनी विचारलं, "कमी झोपूनही ताजंतवानं वाटतंय, डोक्यात बेत मावत नाहीत, असं कधी झालं होतं?"

"त्याला बरं असणं म्हणतात, डॉक्टर," मी म्हणालो.

बायकोनं एक अक्षर न बोलता पर्समधून छापखान्याचं बिल काढलं आणि टेबलावर ठेवलं. माझ्या फायलीतला कामाचा कागद तो एकच. हा आजार रक्तात दिसत नाही, स्कॅनमध्ये दिसत नाही; माणसाच्या हकिगतीतून ओळखावा लागतो. आणि मी इतकी वर्षं फक्त पडल्याचीच हकिगत सांगत आलो होतो. तेवढ्यावर डॉक्टर डिप्रेशन नाही म्हणणार तर काय? नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी अशी काही माणसं वर उसळतात, हे तेव्हा कळलं.

निदान झालं: बायपोलर, दुसरा प्रकार. यातल्या चढाला हायपोमेनिया म्हणतात आणि तो सलग चार दिवस तरी टिकावा लागतो. सोलापूरकराला हा हिशेब समजावायला नको. मे १९३० मध्ये आमच्या गावानं इंग्रजांना हुसकावून चार दिवस स्वातंत्र्य भोगलं आणि मग मार्शल लॉ आला. माझं दर वर्षी तेच.

उशीर माझ्याच नशिबी नव्हता. अमेरिकेत २००० साली बायपोलरच्या रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा ६९ टक्क्यांना आधी भलतंच निदान मिळालेलं होतं आणि एक तृतीयांशाहून अधिकांना खऱ्या निदानासाठी दहा वर्षं किंवा त्याहून जास्त थांबावं लागलं होतं.

आता लिथियम चालू आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उन्मादावरचा उपयोग दाखवला. हा एक क्षार आहे असं काकांना सांगितलं, तर म्हणाले, "मग चिमूटभर भाकरीत घालून खा की, गोळ्या कशाला?" शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर. त्यामुळे एप्रिल लागला की बायको तांब्या घेऊन मागे असते. ठरावीक काळानं रक्त तपासायचं, तेही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. पूर्वी मी रेल्वेचं वेळापत्रक पाठ म्हणून दाखवायचो, आता हे म्हणतो.

तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा तुमचे 'चांगले दिवस' ज्यांनी सोसले, त्यांना सोबत न्या आणि त्यांना आधी बोलू द्या. कुठे जावं हेच कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.