परीक्षकांचा निर्णय अंतिम

कोड्याला उत्तर असतं, हा समज शाळेत पसरवला जातो आणि पुढे जन्मभर टिकतो. खरं म्हणजे उत्तर कोड्याला नसतंच, ते कोडं घालणाऱ्याला असतं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद असतो आणि त्यावर जे लिहिलेलं असतं ते उत्तर. बाकी जगात जे काही खरं असेल, ते त्या संध्याकाळपुरतं चूक.

हा बोध मला डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात झाला. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि दरवर्षी एकाच घरात बक्षीस जाणारी पाककृती स्पर्धा यांना विटलेल्या समितीने ‘बुद्धीला चालना देणारं काहीतरी’ करायचा ठराव केला. शब्दकोडी, कोडी आणि अंकमालिका अशी सांघिक स्पर्धा, प्रत्येक विंगचा चौघांचा संघ. फलकावर नियमावली लागली. वयाची अट, वेळेची अट, मोबाइल बंद ठेवण्याची अट हे सगळं आम्ही दोनदोनदा वाचलं. सगळ्यात खाली, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ वाचण्याजोगा नियम तेवढाच होता.

संघाची निवड गुणांवर झाली असं म्हणायची पद्धत आहे. आमच्या बी विंगची निवड हजेरीवर झाली. बैठकीला जे चौघे आले, तोच संघ.

पहिल्या होत्या शब्दकोडेवाल्या काकू. वर्तमानपत्र आलं की देशात काय चाललंय हे काका बघतात आणि आडवे-उभे काय चाललंय हे काकू बघतात. कोडं त्या थेट पेनाने सोडवतात. पेन्सिल वापरणाऱ्यांना त्या माणसांत धरत नाहीत. २१ डिसेंबर १९१३ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन या लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या पत्रकाराने पहिलं शब्दकोडं छापलं. ते शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “इंग्रजीत काय, पोरखेळ आहे! एका घरात एक अक्षर टाकलं की झालं. आमच्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार सगळा संसार एका चौकोनात मावावा लागतो. ‘स्त्री’ एका घरात बसवून दाखवा म्हणावं.” शब्दकोड्यांच्या सहवासाने काकूंची मराठीही बदलली आहे. तिथे झाड नसतं, तरु असतो. पक्षी नसतो, खग असतो. लढाई कधीच होत नाही, समर होतं. नळाला पाणी आलं का, हे विचारतानाही त्या क्षणभर थांबतात. दोन अक्षरी, ‘नीर’ म्हणावं की ‘वारि’, हा विचार आत चालू असतो.

दुसरे तिसऱ्या मजल्यावरचे सर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण गणित अजून नोकरीवर आहे. सरांचं दैवत म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). देवळालीच्या शाळेतल्या या मास्तरांनी ६१७४ हा आकडा जगाला दाखवला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे आपल्याकडच्या अनेकांना देवळालीत असं कुणी राहतं हे कळलं. सरावासाठी सरांनी आम्हाला थेट पार्किंगमध्ये नेलं. “कुठल्याही गाडीचा चार आकडी नंबर घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच.” समोरच्या स्कूटरचा नंबर २०१४ होता. ४२१० वजा ०१२४ म्हणजे ४०८६. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४. त्यानंतर कितीही वजाबाक्या करा, ६१७४ हलत नाही. “जास्तीत जास्त सात पायऱ्या!” सर भारावून म्हणाले. मला सोसायटीच्या वार्षिक सभेची आठवण झाली. तिथेही चर्चा गच्चीच्या गळतीपासून सुरू करा नाहीतर कुत्र्यांपासून, सात माणसं बोलून होईपर्यंत ती पार्किंगवर येते आणि मग तिथून हलत नाही.

तिसरा बँकेच्या परीक्षा देणारा चौथ्या मजल्यावरचा मुलगा. अंकमालिका दिसली की तो आधी फरक काढतो, मग फरकांचा फरक, मग वर्ग अधिक एक, मग घन उणे एक. “१, २, ३, ५, ८ आलं की डोळे मिटून १३ लिहायचं. फिबोनाची,” असं तो म्हणाला आणि सरांच्या तावडीत सापडला. फिबोनाचीचं पुस्तक १२०२चं. त्याआधीच बाराव्या शतकात आपल्याकडे हेमचंद्रांनी छंदशास्त्रात हेच आकडे मांडलेले होते. लघु एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. मग चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. सर टेबलावर बोटांनी लघु-गुरू वाजवत राहिले आणि मुलगा घड्याळाकडे बघत राहिला.

चौथा मी. माझं अक्षर चांगलं, म्हणून मी लेखनिक. लेखनिकाला काही येत नसलं तरी चालतं, पण पेन त्याच्या हातात असतं. लोकशाहीत याला फार महत्त्व आहे.

परीक्षक म्हणून तळमजल्यावरच्या अण्णांना नेमलं होतं. अण्णा पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी चर्चगेटच्या कचेरीत. कोडी त्यांनी स्वतः तयार केली होती आणि तो चार घड्यांचा कागद त्यांच्या खिशात होता.

पहिली फेरी विलोमपदांची. उलटसुलट कसंही वाचलं तरी सारखंच येईल असं वाक्य सांगायचं. ए विंगने ‘रामाला भाला मारा’ सांगून गुण घेतले. सी विंगने ‘भाऊ तळ्यात उभा’ सांगितलं आणि काकू ताडकन उठल्या. “भाऊमधला ऊ दीर्घ. उभामधला उ ऱ्हस्व. विलोमपद मोडलं!” सभागृहात शांतता पसरली. अण्णांनी चष्मा काढला. “वहिनी, भाऊ माझ्या लहानपणापासून तळ्यात उभा आहे. आता या वयात त्याला बाहेर काढू?” गुण सी विंगला मिळाले. शुद्धलेखनाचे नियम हरले आणि भाऊ तळ्यातच राहिला.

दुसऱ्या फेरीचं कोडं अण्णांनी स्वतः रचलं होतं. ‘मी आलो की घर उठतं, मी गेलो की घर बसतं. मी कोण?’ ए विंगचं उत्तर, पाहुणा. आला की सगळे उठून उभे राहतात आणि गेला की हुश्श करून बसतात. सी विंगचं, पगार. गेला की घर बसतंच. आमचं, पहाटे येणारा नळ. तिन्ही उत्तरं अनुभवाची होती. अण्णांनी कागद उलगडला आणि ‘सूर्य’ असं वाचलं. आमच्या सोसायटीत सूर्याबरोबर उठणारा माणूस एकच आहे आणि तो त्या क्षणी कागद वाचत होता.

काकूंच्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला असावा. कारण पुढचा प्रश्न आला तो अक्षरमालिकेचा: ‘च, म, च, ग्रँ, मुं, म, लो, पुढे काय?’ ‘ग्रँ’ म्हणताना निवेदिकेला ठसका लागला आणि निम्म्या लोकांना स्टेशनं आठवली. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड. “आम्ही सेंट्रलवाले आहोत, हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आहे,” अशी हरकत मागून आली, पण ती टिकली नाही. लोअर परळनंतर प्रभादेवी. मुलाने माझ्या कानात ‘प्र’ सांगितलं, मी पेन टेकवलं, तोच काकूंनी माझा हात धरला.

“थांबा. स्टेशनचं नाव कधी बदललं?”

“२०१८ साली.”

“आणि अण्णा रिटायर कधी झाले?”

“त्याच्या बऱ्याच आधी.”

“मग ‘ए’ लिहा. एल्फिन्स्टन रोड.”

ए विंगने ‘प्र’ लिहिलं आणि शून्य घेतलं. त्यांच्या कप्तानाने रोज त्या स्टेशनात उतरत असल्याचा पुरावा म्हणून खिशातून पास काढला. पासावर प्रभादेवी होतं आणि अण्णांच्या कागदावर एल्फिन्स्टन. पास रेल्वेने दिलेला असला तरी कागद परीक्षकांचा होता.

तसं बघितलं तर हे काही डोंबिवलीत पहिल्यांदा घडलं नाही. सांघिक कोडे स्पर्धा महाभारताच्या वनपर्वातही आहे. पाच जणांचा संघ, तळ्याकाठचं मैदान. नकुल, सहदेव, अर्जुन आणि भीम हे चौघे प्रश्न न ऐकताच पाणी प्यायले आणि बाद झाले. शेवटचा गडी युधिष्ठिर. त्याने यक्षाच्या एकूण एक प्रश्नांची उत्तरं दिली आणि चारही गडी परत मिळवले. वाऱ्याहून वेगवान काय, तर मन. आता हे उत्तर आमच्या बँकवाल्या मुलाने दिलं असतं तर ‘प्रकाश’ म्हणाला असता आणि तळ्याकाठी पाचवा आडवा झाला असता. युधिष्ठिराचं ‘मन’ बरोबर ठरलं, कारण यक्षाच्या मनात तेच होतं. आणि शेवटी यक्षाने आपलं खरं रूप दाखवलं तेव्हा कळलं की तो साक्षात धर्म, म्हणजे युधिष्ठिराचा बाप! परीक्षक स्पर्धकाचे वडील निघाले, तरी कौरवांकडून लेखी हरकत आल्याची नोंद नाही. आमच्या ए विंगने निदान पास तरी दाखवला.

आता आमचा संघ कोडं सोडवत नव्हता, अण्णांना सोडवत होता. अंकमालिकेच्या फेरीत फळ्यावर एकाशेजारी एक दहा वेळा ‘२’ लिहिला गेला आणि विचारलं गेलं, अकरावा कोणता? सभागृह हसलं. ए विंगने ‘२’ लिहिलं, सी विंगने ‘२’ लिहिलं. मुलाने फरक काढला तो शून्य, फरकांचा फरक काढला तोही शून्य. सर म्हणाले, “स्थिर क्रम आहे.” काकू मात्र अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. “यांची बेरीज कच्ची आहे. किराण्याचं बिल मला तपासायला देतात. हे आकड्यांचा प्रश्न आकड्यांवर काढणारच नाहीत. अक्षरं मोजा.” आणि त्या बोटांवर मोजू लागल्या. एक, दोन अक्षरं. दोन, दोन अक्षरं. तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, सगळे दोन अक्षरी. अकरा, तीन अक्षरी! मी ‘३’ लिहिलं. मराठीतले पहिले दहाही आकडे बरोबर दोन घरांत बसतात, हे इतकी वर्षं मोजूनही आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरांनी काकूंना नमस्कार केला. अण्णा हिरमुसले.

शेवटच्या प्रश्नाला आम्ही आणि ए विंग बरोबरीत होतो. फळ्यावर १, २, ४, ८, १६ आलं. काकू पुटपुटल्या, “बत्तीस. अण्णांना याच्यापुढे येत नाही.” मीही लिहायला घेतलं होतं. इतक्यात सरांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि कागदावर ३१ लिहिलं. सरांना ज्ञान अनावर होतं तेव्हा घरचेही मध्ये पडत नाहीत.

अण्णांनी ‘चूक’ म्हणताच सर मंचावर चढले. फळ्यावर वर्तुळ काढलं. परिघावर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू इतर सगळ्या बिंदूंना जोडायचा आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात ते मोजायचं. एक बिंदू, एक भाग. दोन बिंदू, दोन. तीनला चार, चाराला आठ, पाचाला सोळा. आणि सहाला? सरांनी रेघा मारल्या. पुढच्या रांगेतली मुलं मोठ्याने मोजू लागली. एकतीसच भरले. “माझं एकतीस चूक असेल तर हे वर्तुळही चूक आहे!” सर गरजले. टाळ्या पडल्या. तिथे थांबते तर पहिलं बक्षीस आमचं होतं.

पण सर म्हणाले, “एकतीसच कशाला? १, २, ३, ४ यांच्यानंतर ५च येतो हा तुमच्यावरचा संस्कार आहे, सिद्धांत नाही. क्रमांक घ्या. त्या क्रमांकातून १, २, ३ आणि ४ वेगवेगळे वजा करा. आलेल्या चार संख्यांचा गुणाकार करून तो मूळ क्रमांकात मिळवा. पहिल्या चार वेळी गुणाकार शून्य, म्हणून १, २, ३, ४. पाचव्या वेळी ४ गुणिले ३ गुणिले २ गुणिले १, म्हणजे २४. त्यात ५ मिळवा. १, २, ३, ४, २९! तुम्ही म्हणाल तो आकडा मी पुढे आणून दाखवतो!”

सभागृहाला पहिल्यांदाच भीती वाटली. आपण लहानपणापासून ज्याच्या भरवशावर जिने चढत आलो, तो पाचच या माणसाने काढून घेतला होता. आरतीची वेळ टळत होती, प्रसादाचा शिरा निवत होता. सेक्रेटरींनी माइक घेतला, फलकावरची शेवटची ओळ वाचून दाखवली आणि टाळ-झांजा मागवल्या. ए विंगला स्टीलच्या डब्यांचा संच मिळाला. आम्हाला दुसऱ्या क्रमांकाची प्लास्टिकची बादली मिळाली. ती चौघांत कशी वाटायची, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

सरांनी समितीला सिद्धतेसह निषेधाचं पत्र दिलं. आमच्या समितीची एक जुनी रीत आहे, तक्रार करणाऱ्याला पुढच्या वर्षी काम द्यायचं. त्यानुसार यंदा कोडी काढायला सरांना नेमलं आहे.

अण्णांना आम्ही ओळखून होतो. त्यांचं स्टेशन, त्यांची पहाट, त्यांची कच्ची बेरीज, सगळं काकूंच्या तोंडपाठ होतं. सरांचं काय करायचं? काकूंनी परवा त्यांना मुद्दाम खिचडी खायला बोलावलं आणि गप्पांच्या ओघात सहज विचारलं, अंकमालिकेत यंदा काय काय असेल? सर प्रसन्नपणे म्हणाले, “काहीही लिहा, वहिनी. कोणताही आकडा बरोबर धरीन. फक्त सूत्र जोडा.”

तेव्हापासून काकूंच्या शब्दकोड्याशेजारी बीजगणिताचं पुस्तक आलं आहे, मुलगा बँकेची परीक्षा पुढे ढकलतो आहे आणि मी शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच कंसांचे गुणाकार करतो आहे. परीक्षक मोकळ्या मनाचा निघाला की स्पर्धकाला अभ्यास करावा लागतो. असला अन्याय यक्षानेसुद्धा केला नव्हता.