कटकट करणारा एक्सल

खानदेशात छप्पर उघडणारी मोटार बाळगायला वेगळ्याच जातीचा आशावाद लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा छप्पर उघडलं तर डोकं तापतं, बंद ठेवलं तर अख्खा माणूस. पावसाळ्यात उघडायचा प्रश्नच नाही. राहिला हिवाळा, म्हणजे भरीत पार्ट्यांचा मोसम. आणि दोनच माणसं मावणाऱ्या गाडीतून शेतावर भरीत पार्टीला निघायचं तर दुसऱ्या सीटवर बायको बसवायची की वांगी, हा पेच दरवर्षी पडतो.

जळगावातल्या एका डाळमिलवाल्यांकडे अशी गाडी आहे. त्यांचं नाव इथे नको, गाडीच्या कंपनीचंही नको. त्यांना नुसतं मालक म्हणू. गाडी परदेशी, लाल, दोन दारांची, गेल्या शतकाच्या अगदी शेवटी बनलेली. मुंबईतल्या कुणाच्या तरी हौसेतून उतरून मालकांच्या हौसेवर चढलेली. आपल्याकडे स्पोर्ट्स कार बनवायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही, आणि गंमत म्हणजे त्यातले काही मराठी मुलखात किंवा त्याच्या वेशीवरच झाले. गोव्याच्या सॅन मोटर्सनं फायबरच्या अंगाची, रेनोचं ११४९ सीसी इंजिन बसवलेली ‘सॅन स्टॉर्म’ काढली. अलिबागच्या चिंकारा मोटर्सनं इसुझूच्या १८१७ सीसी इंजिनावर रोडस्टर घडवली. दिलीप छाब्रियांची ‘डीसी अवंती’ २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत झळकली. तिन्ही गाड्यांनी मासिकांच्या पानांवर जितकी जागा व्यापली, तितकी रस्त्यावर व्यापली नाही. म्हणून मालकांना परदेशी गाडी घ्यावी लागली, असं मालकांचं म्हणणं. घ्यावी लागली, हा शब्दप्रयोग वहिनींना, म्हणजे मालकांच्या बायकोला, मान्य नाही.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये पन्नाशी उलटलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी सुरू केली; त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मालकांची गाडी त्या मानापासून अजून निम्म्या वाटेवर आहे. पंधरा वर्षं मात्र केव्हाच उलटली, त्यामुळे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर चुकत नाही. वय झाल्याचा खर्च सुरू झालाय, मान यायचाय.

एके दिवशी अजिंठा चौफुलीवर उजवीकडे वळताना पुढच्या चाकाकडून आवाज आला. कट-कट-कट-कट. स्टिअरिंग सरळ झालं की गप्प. बहुतेक मालक करतात तेच मालकांनीही केलं, टेपचा आवाज वाढवला. त्यानं भागेना तेव्हा उजवी वळणं टाळायला सुरुवात केली. नवी पेठेतून घरापर्यंत फक्त डावीकडे वळत वळत जाता येतं, हा शोध त्यांनी याच काळात लावला. पेट्रोल जास्त लागायचं, पण मन शांत राहायचं. मग डावीकडे वळतानाही बारीक कुरकुर ऐकू यायला लागली, आणि जळगावात नुसतं सरळ जात राहून घरी पोचता येत नाही. सरळ गेलं की भुसावळ येतं.

कुठलाही मिस्त्री हा आवाज डोळे मिटून ओळखतो: सीव्ही जॉइंट. उजव्या वळणावर वाजला तर बहुधा डाव्या चाकाकडचा, डाव्या वळणावर वाजला तर उजवीकडचा. पुढची चाकं गाडी ओढतात तेव्हा त्यांना एकाच वेळी फिरायचं असतं, वळायचं असतं आणि खड्ड्यात खाली-वरही व्हायचं असतं. गिअरबॉक्सकडून आलेला दांडा मधेच वाकून फिरवायची युक्ती जुनी आहे; कार्दानो आणि हूक यांची नावं त्या क्रॉसच्या सांध्याला सोळाव्या-सतराव्या शतकांपासून चिकटली आहेत. पण त्या सांध्यात एक खोड आहे. तो तीस अंशांत वाकवून फिरवला, तर इकडची गती एकसारखी असूनही तिकडची गती एका फेऱ्यात दोनदा पंधरा टक्क्यांनी पुढे पळते आणि दोनदा तेरा टक्क्यांनी रेंगाळते. अँबॅसडर किंवा पद्मिनीत तो मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असे, फारसा वाकत नसे, म्हणून खपून गेला. पुढच्या चाकांना तो लावला तर हातातलं स्टिअरिंग थरथरलं असतं.

आल्फ्रेड झेप्पा नावाच्या फोर्डमधल्या अभियंत्यानं १९२० च्या दशकात यावर उपाय काढला: एक वाटी, आत एक गाभा, दोघांत कोरलेल्या खाचा, खाचांत सहा पोलादी गोळ्या आणि त्या गोळ्यांना शिस्तीत धरणारा पिंजरा. सांधा कितीही वाकला तरी पिंजरा गोळ्यांना बरोबर निम्म्या कोनात ठेवतो आणि दोन्हीकडची गती सारखी राहते. तोच हा सीव्ही जॉइंट. १९५९ च्या मिनी मोटारीनं हा सांधा घरोघरी नेला. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि त्यानंतर काही वर्षांतच खानदेशातल्या मिस्त्रींना झेप्पा यांचं नाव न कळता त्यांचं काम पाठ झालं. जळगावातल्या मिस्त्रीनंही मालकांच्या परदेशी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, “भाऊ, मारुतीचंच मोठं बाळ आहे.” हे वाक्य मालकांना एक्सलच्या आवाजापेक्षा जास्त लागलं.

सगळा प्रकार झाला होता एका रबरी बुटापायी. सांध्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट असतो, आत काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस. बूट फाटला की फिरत्या चाकाबरोबर ग्रीस बाहेर उडतं आणि आत शिरते ती खानदेशची काळी माती, जिच्यात कापूस आणि केळी उत्तम येतात, सीव्ही जॉइंट येत नाही. बूट बदलायला त्या वेळी काही शे रुपये लागले असते.

आता प्रश्न पडला: एक्सल, म्हणजे दांडा आणि त्याच्या दोन टोकांचे सांधे, उघडून दुरुस्त करायचा की सगळी नवी असेंब्ली टाकायची?

जळगाव ही सुवर्णनगरी. इथल्या माणसाला जुनं टाकणं जमतच नाही. तो जुनं मोडीत घालतो, घट किती धरणार ते विचारतो आणि त्याच सोन्याचं नवं घडवून घेतो. अप्पांनी, म्हणजे मालकांच्या वडिलांनी, एक्सल हातातही न घेता हाच निर्णय दिला: “लोखंड चांगलं दिसतंय, टाकायचं नाही.” शहराचा एरवीचा निम्मा व्यवहार ज्या तत्त्वावर चालतो, ते अप्पांनी सीव्ही जॉइंटला लावलं आणि ते अगदीच चूक होतं असंही नाही.

स्पेअरवाल्याचं मत अर्थातच उलट. “असेंब्लीच घ्या. आता तर पार्टवरचा जीएसटी २८ चा १८ झालाय.” मग त्यानं भावांची उतरंड ऐकवली. कंपनीच्या डब्यातला, कंपनीला माल पुरवणाऱ्याच्या डब्यातला, ‘लोकल’, आणि शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा उतरवलेला. पहिला मिळत नव्हता. दुसरा बाहेरून मागवायचा. तिसऱ्याबद्दल तो स्वतःच आवाज खाली आणून बोलला. चौथ्याचा इतिहास कुणी सांगू शकत नाही. ज्या गाडीतून तो निघाला, ती का मोडीत निघाली हे विचारायचंही नसतं.

मिस्त्रीनं तोवर डावा सांधा उघडला होता. गाभा आणि पिंजरा तिरका करत एकेक गोळी काढायची, कुठली गोळी कुठल्या खाचेतली ते मांडून ठेवायचं, डिझेलनं धुवायचं आणि मग बोटानं खाच चाचपायची. पाच गोळ्या मांडल्या गेल्या, सहावी फरशीवरून घरंगळत शेजारच्या टायरवाल्याच्या दुकानात गेली. ती शोधण्यात अर्धा तास गेला आणि त्यात मालकांनी जितकी मेहनत घेतली तितकी त्या वर्षात मिलमध्येही घेतली नसेल. बोट हेच इथलं मुख्य यंत्र. खाच नुसती चकाकत असेल तर ती घासली आहे, पण जिवंत आहे. नखाला टोक लागलं, खड्डा लागला, तर तिचा वरचा कडक थर उडाला. मग ग्रीस कितीही भरा, आवाज दोन महिन्यांत परत येतो.

आणि मग मिस्त्रीनं एक जुनी युक्ती सांगितली. गाडी पुढेच जास्त जाते, मागे कमी. त्यामुळे खाचेची एकच बाजू झिजते, दुसरी जवळजवळ कोरी राहते. डावा सांधा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला, की गोळ्या कोऱ्या बाजूवर टेकून काम करतात. डावा आणि उजवा दांडा वेगळ्या लांबीचे असतील, आडव्या इंजिनाच्या गाड्यांत ते बहुधा असतातच, तर दांडे जागेवर ठेवून फक्त बाहेरचे सांधे अदलाबदल करायचे. परदेशातले जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. फुकटात मिळणारी ही दुरुस्ती अप्पांना इतकी आवडली की त्यांनी मिस्त्रीला चहा पाजला.

शेजारच्या लेथवाल्यानं उत्साहात “खड्डे वेल्डिंगनं भरून घासून देतो” असं सुचवलं. ते मात्र करायचं नसतं. त्या वाटीचा वरचा पातळ थर मुद्दाम कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेनं तोच मऊ पडतो.

सांधा तात्पुरता जोडून दुसरं मत घ्यायला मालक धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर, आणि सरळ महामार्ग असल्यामुळे आवाजाचा त्रास शून्य. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथल्या गॅरेजचा गुरू म्हणजे ट्रक. लळिंगच्या घाटात भरलेल्या ट्रकचा मागचा एक्सल शाफ्ट तुटला तर त्याची झीज कुणी बोटानं चाचपत बसत नाही. ट्रकचं वजन एक्सलच्या नळीवर आणि हबच्या बेअरिंगवर असतं, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. म्हणून चाक न काढता बाहेरच्या चकतीचे बोल्ट सोडून तुटका शाफ्ट ओढून काढता येतो आणि नवा सारता येतो. ट्रक उभा राहिला की भाडं बुडतं, तिथे दुरुस्तीचा विचार करायला वेळ कुणाला?

“काय व्हयनं भाऊ?” धुळ्याच्या मिस्त्रीनं विचारलं. मालकांनी सगळं सांगितलं. गोळ्या, खाचा, अदलाबदल, अप्पा. तो शेवभाजीचा डबा खाता खाता ऐकत होता. भाकरी संपवून एवढंच म्हणाला, “नवा टाकी द्या.”

तिसरं मत भुसावळहून आलं. मालकांचे मेहुणे तिथल्या रेल्वे इंजिनांच्या वर्कशॉपात आहेत. त्यांना दोन्ही शहरांची मतं उथळ वाटली. “दाजी, झीज दिसते. थकवा दिसत नाही,” ते म्हणाले, आणि मग दाजींना ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीची हकिकत ऐकावी लागली. इंजिनाचा एक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. चांगलं दिसणारं लोखंड असं अचानक का तुटतं, याचा छडा पुढे जर्मन रेल्वेतले अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी एक्सल लाखो वेळा फिरवून लावला: एका झटक्यात न मोडणारा भार पुन्हा पुन्हा दिला तर बारीक चीर पडते आणि वाढत जाते. म्हणून आजही रेल्वेचा एक्सल अल्ट्रासोनिक यंत्रानं तपासतात. चीर निघाली की तो बाद, वेल्डिंगचं नावही काढायचं नाही. मेहुण्यांचा सल्ला असा, की सांध्यांचं काहीही करा, पण मधला दांडा आधी बघा. बुटाच्या पट्टीखाली गंज चढलाय का, कुठे खोल ओरखडा आहे का, तो वाकलाय का. मत उपयुक्त होतं. ते द्यायला दोन तास लागले, एवढीच त्याची किंमत.

बघितलं तेव्हा मालकांच्या गाडीचे दोन्ही दांडे निर्मळ निघाले. उजव्या सांध्याच्या खाचा नुसत्या चकाकत होत्या. डाव्या सांध्यात मात्र नखाला खड्डे लागत होते. त्यामुळे अदलाबदलीचा बेत गेला, आणि अप्पांचा चहाही. उजवा सांधा धुऊन, सुमारे शंभर ग्रॅम नवं ग्रीस आणि नवा बूट घालून बसवला. डाव्यासाठी पुरवठादाराच्या डब्यातली असेंब्ली मागवली. ती आली तेव्हा तिचा दांडा बोटभर आखूड निघाला, कारण ती त्याच गाडीच्या पुढच्या सालच्या मॉडेलची होती. त्यावर एबीएसची दातेरी कडीही होती, जी या गाडीला कधी नव्हतीच. सांध्याचे दाते मात्र जुळले. मिस्त्रीनं नव्या असेंब्लीचा बाहेरचा सांधा काढून जुन्या दांड्यावर चढवला. दुरुस्त केलं असं जळगावला सांगता आलं नाही, बदललं असं धुळ्याला सांगता आलं नाही.

गाडी आता अजिंठा चौफुलीवर दोन्हीकडे मुकाट वळते. फक्त नव्या असेंब्लीचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे आखूड दांडा आणि आतला कोरा करकरीत सांधा, ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून मालकांनी माळ्यावर ठेवला आहे. पैसे पूर्ण असेंब्लीचे मोजलेले; एवढा चांगला माल पडून राहणं मालकांच्या जिवाला लागलंय. तेव्हापासून ते पुढच्या सालच्या त्याच मॉडेलची एखादी गाडी विकाऊ आहे का, याची नाशिक-पुण्याकडे चौकशी करत असतात. वहिनींनी या विषयावर बोलणं बंद केलंय. अप्पांनी मात्र परवा जेवताना विचारलं, तिचे टायर कितपत घासलेत म्हणे?