टाकीचं गाणं

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही आमच्या शहरात आता म्हण राहिलेली नाही. ते पाण्याचं वेळापत्रक झालं आहे. जायकवाडी इथून तासाभरावर, पण नळाला पाणी यायला आठवडा लागतो. आलं की मोटर लावायची आणि गच्चीवरची टाकी भरून वाहायच्या आत बंद करायची. शेजारचे काका त्यासाठी जिन्यात उभे राहून वर कान देतात. आम्ही पिंक फ्लॉइडचं 'एकोज' लावतो. 1971 सालच्या 'मेडल' या अल्बमची अख्खी दुसरी बाजू, साडेतेवीस मिनिटं. सुरुवातीचा तो एकटा 'टिंग' वाजला की बटण चालू, शेवटचा सूर विरला की बंद. आमची एक हॉर्सपॉवरची मोटर आणि हजार लिटरची टाकी या गाण्याच्या मापानंच घेतल्यासारखी आहे. बायको त्याला 'टाकीचं गाणं' म्हणते. गाण्याच्या मध्यावर कावळे ओरडायला लागतात, तेव्हा ती आजही गच्चीवरची वाळवणं झाकायला धावते.

या प्रकारच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. त्यातले लोक लाडानं नुसतं 'प्रॉग' म्हणतात. साठच्या दशकाच्या शेवटी काही इंग्रज पोरांना तीन मिनिटांचं गाणं पुरेना. 1969 मध्ये किंग क्रिमझनचा पहिला अल्बम आला आणि मग सगळेच पाय पसरून बसले. जेनेसिसनं तेवीस मिनिटांचं गाणं केलं. जेथ्रो टलनं 1972 मध्ये रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं केलं आणि वेष्टन म्हणून चक्क बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र छापलं. त्यांचा गायक इयान अँडरसन सांगतो की ती सगळी थट्टा होती. समीक्षक उगाच गंभीर व्हायला लागले होते, त्यांची उडवलेली. चाहत्यांनी ती थट्टा इतकी मनावर घेतली की अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

मला यात मौज वाटते ती निराळीच. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्याला आला आणि त्यानं गौहरजानपुढे कर्णा धरला. बाई, तीन मिनिटांत आटपा. रात्रभर चालणारा ख्याल आम्ही तीन मिनिटांत कोंबायला शिकलो. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनीही पुढं ते जमवलं. तीन मिनिटं हे माप आम्हाला शिकवून गेलेल्यांची नातवंडं सत्तर वर्षांनी म्हणायला लागली, तीन मिनिटांत काय होतं हो, नीट आलापी करायला हवी. किंग क्रिमझनचा रॉबर्ट फ्रिप तर गिटार वाजवायला स्टुलावर बसायचा. बैठक इथून तिथपर्यंत गेली, फक्त तक्क्या राहिला.

तर असं हे संगीत ऐकणारे आम्ही पाच-सात जण या शहरात आहोत. ते इथं कसं पोचलं याचा इतिहास कुणी लिहिणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एक वाट गव्हर्न्मेंट इंजिनिअरिंगच्या होस्टेलातून आली. कॅसेटवरून कॅसेट, पुढं हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्क. दुसरी वाट एमआयडीसीतून. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्या आपल्या माणसांना ट्रेनिंगला युरोपात धाडायच्या. बाकीचे चॉकलेटं आणायचे. आमचा वाळूजचा एक गडी येताना एलपी घेऊन यायचा. त्याच्या घरच्यांनी त्याला अजून माफ केलेलं नाही. तिसरी वाट बँकेतून निवृत्त झालेल्या काकांची. ते मुंबईला बदलीवर असताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जेवणाची सुट्टी उभ्यानं घालवायचे. 2016 मध्ये ते दुकान बंद झालं, तेव्हा काका दोन दिवस ग्रुपवर बोलले नाहीत. ते गप्प बसल्याची ही आमच्या ऐकिवातली एकमेव वेळ.

मंडळी जमतात आलटून पालटून एकेकाच्या घरी, ज्याच्या भागात त्या दिवशी पाणी नाही त्याच्याकडे. एकदा समर्थनगरात बसलो होतो आणि यजमानांचे तबल्याचे गुरुजी सहज डोकावले. पानाचा तोबरा तोंडात, त्यामुळे हातानंच 'चालू द्या' म्हणाले. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' लावलेला होता आणि 'मनी' सुरू झालं. आधी गल्ल्याचा खणखणाट, मग बेस गिटार. गुरुजींनी कपाळाला आठी घातली, मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरायला लागला. ती ती ना, धी ना, धी ना. दुसऱ्या आवर्तनाला त्यांनी उठून खिडकीतून पिंक टाकली आणि म्हणाले, "अरे, रूपक आहे हा!" खरोखरच सात मात्रा आहेत. बँकवाले काका असे फुलले, जणू 1973 साली ती मात्रा त्यांनीच मोजून दिली होती. गुरुजी पुढं म्हणाले, "पण सम कुठं धरतात? रूपकाची सम खालीवर असते, यांनी तर समेवर घण घातलाय." यावर आम्ही काही बोलणार, तेवढ्यात गिटारचा एकल तुकडा आला आणि तिथं गाणं सातातून चारात जातं. गुरुजींनी अंगठा थांबवला. "हं. दमले. आले केरव्यावर." आणि चपला घालून निघाले. जगभरच्या समीक्षकांनी त्या गाण्यावर पुस्तकं लिहिली आहेत. इतका नेमका अभिप्राय मी कुठं वाचलेला नाही.

ऐकणं मात्र एकूण कमीच होतं. वेळ जातो तो वादात. जेनेसिस म्हणजे पीटर गॅब्रिएल. 1975 मध्ये तो गेला आणि ढोलवाला फिल कॉलिन्स गायला लागला, तिथं जेनेसिस संपलं, असा काकांचा पक्ष. वाळूजवाल्याचं म्हणणं, संपलं कसं, तिथूनच तर पैसे मिळायला लागले. हा वाद मी किमान दोन पंतप्रधानांच्या काळात ऐकला आहे. बँडमध्ये कोण होतं, कोण गेलं, कोण परत आलं हे बाहेरच्याला समजावताना घाम फुटतो, पण महाराष्ट्रात फुटत नाही. 1913 मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व मंडळी काढली, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत होतं. येस या बँडमध्ये तर 1989 साली अशी वेळ आली की जुने चौघं एकत्र आले, पण 'येस' हे नाव दुसऱ्या गटाकडं. मग त्यांनी आपली चार आडनावंच अल्बमवर छापली, 'अँडरसन ब्रुफर्ड वेकमन हाऊ'. चार्टर्ड अकाउंटंटच्या फर्मची पाटी वाटते. मूळ पक्ष कुणाचा, नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, हे प्रश्न गेल्या काही वर्षांत मराठी माणसाला इतके पाठ झाले आहेत की आमच्यात नव्यानं आलेल्या एका वकिलांना येसचा इतिहास एका चहात कळला. पिंक फ्लॉइड सोडल्यावर त्याच नावावरून रॉजर वॉटर्स कोर्टाची पायरी चढला होता, हे ऐकून तर ते म्हणाले, "तारीख काय पडली?"

याच येसनं 1973 मध्ये 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' काढला. गायक जॉन अँडरसन टोकियोच्या हॉटेलात परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचत होता. त्यात एका पानाखाली शास्त्रांविषयी लांबलचक तळटीप आहे. त्या तळटिपेवरून त्यानं चार गाणी रचली. दोन रेकॉर्डी, चार बाजू, एका बाजूला एक गाणं, एकूण ऐंशी मिनिटांच्या वर. इंग्रज समीक्षकांनी केस उपटले. तळटिपेवर एवढं? आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या होतात, हे ज्याच्या घरात पारायणाला असतं, त्याला ऐंशी मिनिटं म्हणजे नमन झालं. शिवाय पैठण आमच्याच जिल्ह्यात. जिथं रेड्यानं वेद म्हटले, तिथल्या माणसाला पिंक फ्लॉइडच्या 'ॲटम हार्ट मदर'च्या वेष्टनावर नुसती गाय उभी दिसली, ना बँडचं नाव ना अल्बमचं, तरी दचकायचं कारण नाही. ती आता काही म्हणेल, एवढीच आमची अपेक्षा.

'टोपोग्राफिक'चा खरा रसिक मात्र बँडमध्येच निघाला. कीबोर्ड वाजवणारा रिक वेकमन या अल्बमला वैतागला होता. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याला मधे बराच वेळ काही काम नव्हतं. त्याचा मदतनीस कीबोर्डांखाली पडलेला. त्यानं विचारलं, संपल्यावर जेवायला काय सांगू? वेकमननं सांगितलेलं जेवण त्याच्याच तोंडून प्रसिद्ध आहे: चिकन विंदालू, पुलाव, सहा पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू आणि भरला पराठा. मदतनिसानं संपायची वाट पाहिली नाही. अर्ध्या तासात डबे मंचावर. वेकमननं तिथंच कीबोर्डवर पानं मांडली आणि जेवला. पुढच्या वर्षी त्यानं बँड सोडला. आमच्यात यावरही दोन पक्ष आहेत. एकाचं म्हणणं, हा कलेचा अपमान. दुसऱ्याचं म्हणणं, योगानंदांच्या पुस्तकावरून निघालेल्या अल्बममध्ये अस्सल भारतीय असं तेवढंच घडलं. मी दुसऱ्या पक्षात आहे. फक्त सहा पापड एकट्यानं खाणं मला पटत नाही.

आता संग्रहाबद्दल. रेकॉर्ड जमवणारा माणूस गाणं ऐकण्याआधी रेकॉर्ड तिरकी धरून उजेडात बघतो. चरे मोजतो. मग मधल्या लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर मोबाइलचा टॉर्च मारून तिथं कोरलेला नंबर वाचतो, त्यावरून ती कुठं, कितव्या साच्यातून निघाली ते कळतं. मग वेष्टनाचा वास घेतो. कसर, बुरशी आणि जुना पुठ्ठा यांचा तो वास एकदा नाकात बसला की अत्तर नको वाटतं. आपल्या रेकॉर्डी एकेकाळी कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात निघायच्या. त्या वेष्टनावर डमडम दिसलं की आमचा वाळूजचा गडी नाक मुरडतो, कारण त्याला इंग्लंडचीच लागते. आणि काकांचे डोळे भरून येतात, कारण त्यांना तेव्हा तीच परवडत होती. विकणारे 'नियर मिंट' म्हणजे जवळजवळ कोरी असं सांगून पाठवतात. उघडून बघावं तर तिच्यावर कुणीतरी लग्नाचा हिशेब लिहिलेला.

आमच्या टर्नटेबलांचे वैद्य, भाई, शहागंजच्या बाजूला बसतात. पट्टा, सुई, मोटर, सगळं बघतात. त्यांच्याकडं दुरुस्तीला टाकलेलं यंत्र तपासायला मी पिंक फ्लॉइडची 'विश यू वेअर हिअर' नेली होती. 1975 ची, तिच्या पहिल्या गाण्यात शब्द यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. भाईंनी सुई ठेवली, कान लावला, वेग तपासला, समाधानानं मान हलवली. पाच मिनिटं झाली. शेजारचा घड्याळवाला येऊन उभा राहिला. चहा आला, संपला. भाईंनी पुन्हा आवाजाचं बटण पिरगाळलं, स्पीकरची वायर हलवली आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "साब, मशीन तो ठीक है। गानेवाला कब आता?" मी म्हटलं, आता येईल. ते म्हणाले, "आने दो, आने दो, अपने को क्या जल्दी।" तो आला तेव्हा दोघांनीही माझ्याकडं बघून 'आला बरं का' अशी मान डोलावली. प्रॉग ऐकायला लागतो तो एवढाच स्वभाव, आणि तो या जुन्या शहरात मुबलक आहे.

कार्यक्रमांच्या बाबतीत आमची परिस्थिती पाण्यापेक्षा बिकट. 2007 च्या फेब्रुवारीत रॉजर वॉटर्स मुंबईत बीकेसीला आला. 2009 च्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्री हा बँड आयआयटीच्या मूड इंडिगोत. दर वेळी देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, उभ्यानं ऐकायचं आणि परतीच्या गाडीत ध्वनिव्यवस्थेला शिव्या घालत झोपायचं. इथं आमच्या गावात वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो. सोनेरी महालासमोर थंडीत शाल पांघरून ख्याल ऐकणं हे सुखच, पण तिथं गिटार आली तर ती मागच्या बाजूनं येते. म्हणून आमची एक जुनी योजना आहे. फ्लॉइडनं 1971 मध्ये पॉम्पेईच्या रोमन रंगमंडलात, समोर एकही प्रेक्षक नसताना वाजवलं होतं आणि त्याचा चित्रपट झाला. तर मग वेरूळला कैलासासमोर का नको? पुरातत्त्व खातं परवानगी देणार नाही, हे वकिलांनी सांगितलं. बाकी अट तर आपण सहज पूर्ण करतो. समोर प्रेक्षक नसताना कार्यक्रम करायचा या शहराला दांडगा सराव आहे.

पर्याय म्हणून देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत 'डार्क साइड' ऐकायचा ठराव झाला होता. वटवाघळांनी तो हाणून पाडला.

तेव्हा वाचकांना एक विनंती. गुलमंडी, औरंगपुरा, खडकेश्वर, कुंभारवाडा, जिथं जिथं जुने वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहतायत, तिथल्या माळ्यांवर रेकॉर्डींच्या पेट्या असतात. किलोच्या भावानं भंगारात घालू नका. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. पत्र्याखाली तर मुळीच नको, आपल्या मे महिन्यात त्यांचा पापड होतो. ओल्या फडक्यानं पुसू नका. आणि पेटीत इंग्रजी काही निघालं नाही, नुसती नाट्यगीतं आणि गीतरामायणच निघालं, तरी आम्हाला बोलवा. काकांना ती हवी आहेत, आणि त्यांच्याकडं जेनेसिसच्या दोन-दोन प्रती आहेत.