स्मरणपत्र क्रमांक तीन

सकाळी सव्वासहाला वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूने पहिली हाक येते, "मोती!" मिनिटभराने दुसरी, "मोती, ये!" तिसरीला आवाज चढतो, "मोती, मी काय म्हणतोय?" चौथ्या हाकेत पूर्ण नाव येतं, वडिलांच्या नावासकट. वडील म्हणजे अर्थात अण्णा.

अण्णा सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. ३५ वर्षं त्यांनी स्मरणपत्रं काढली. पहिल्याच पत्राला उत्तर आलं तर कचेरीत माणसं घाबरायची, असं तेच सांगतात. त्यामुळे मोती पहिल्या हाकेला येत नाही यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. तिसऱ्या स्मरणपत्रालाही येत नाही, हा मात्र त्यांच्या मते शुद्ध उद्धटपणा.

मोती बीगल आहे. नाव अण्णांच्या आजोळच्या कुत्र्याचं, कुत्रा सुनेचा. मुलगा-सून बंगळूरला गेले तेव्हा मोती 'तात्पुरत्या स्वरूपात' अण्णांकडे आला, त्याला आता चार वर्षं झाली. बीगल ही जात इंग्लंडात सशाच्या वासावर धावण्यासाठी पोसली गेली. कुत्री हुंगत पुढे जाणार, शिकारी मागून पायी येणार. म्हणजे कुत्रा पुढे आणि धापा टाकणारा माणूस मागे, हे जातीला धरूनच आहे. मी हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्याला सांगा, इथे ससा नाही. इथे मी आहे."

अण्णा हाक केव्हा मारतात ते मात्र बघण्यासारखं. आंघोळ घालायची असली की "मोती, ये." कानात थेंब घालायचे, गोचीड काढायची, कुरतडलेल्या चपलेचा पंचनामा करायचा, की "मोती, ये." टेकडीवर ऐन रंगात आलेला असताना घरी न्यायचं, तरी तेच. रात्री तो आपणहून येऊन पायाशी पसरतो तेव्हा कुणी 'ये' म्हणत नाही. अण्णांनी स्वतःच मला मोठ्या अभिमानाने सांगितलंय, की त्यांनी केबिनमध्ये बोलावलं की शिपायांना नेमकं पोस्टात काम निघायचं. हे दोन मुद्दे त्यांनी कधी एका फायलीत लावले नाहीत.

काकू हाक मारतच नाहीत. फ्रिजच्या दाराचं रबर 'चप्प' करून सुटलं, की गॅलरीत घोरणारा मोती अण्णांच्या पेपरवरून उडी मारून ओट्याशी बसलेला असतो. पाव्हलॉवला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी, पण लोकांच्या लक्षात राहिली ती कुत्र्यांची लाळ. काकूंना पाव्हलॉव ठाऊक नाही. फ्रिज आहे.

शेवटी सुनेने फोनवरून ट्रेनर ठरवली. चोवीस-पंचवीसची मुलगी, कमरेला खाऊची पिशवी. तिने अर्धा तास नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "काका, 'ये' हा शब्द आता खराब झालाय. तो सोडून द्या. नवा घ्या."

अण्णा हबकले. त्यांनी खुर्च्या निर्लेखित केल्या होत्या, पंखे केले होते, शब्द कधी केला नव्हता.

"आणि एकदाच म्हणायचं. आला की लगेच खाऊ द्यायचा आणि परत खेळायला सोडायचं. दहातल्या नऊ वेळा सोडायचं."

"म्हणजे काम नसताना बोलवायचं?"

"हो."

"आल्यावर खायला घालायचं आणि काही न विचारता परत पाठवायचं?"

"हो, काका."

अण्णांच्या अख्ख्या नोकरीत असे दौरे फक्त वरून येणाऱ्या साहेबांचे झाले होते.

उकडलेलं चिकन सगळ्यात उत्तम, असं ती म्हणाली तेव्हा काकू देवघराकडे बघायला लागल्या. तडजोड चीजच्या बारीक तुकड्यांवर झाली. नवा शब्द अण्णांनी बराच विचार करून निवडला, "हजर!" आधी दिवाणखान्यात, मग पार्किंगमध्ये, मग १० मीटरची दोरी लावून मैदानात. पार्किंगमधल्या बाकावर एक आजोबा बसतात, ते पहिला आठवडाभर दचकून हात वर करत.

सगळ्यात जड गेलं ते कुत्र्यामागे न धावणं. आपण मागे लागलो की त्याला तो खेळ वाटतो, उलट आपण पाठ फिरवून पळायचं, असं त्या मुलीने बजावलं होतं. अण्णा तर चार वर्षं बिस्किटाचा पुडा हातात धरून त्याच्या मागे धावत आलेले. टेकडीवर त्यांना 'नामदेव' म्हणायचे ते त्यावरूनच. खरं तर हा नामदेवांवर अन्याय. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, पण त्याने परत यावं असा त्यांचा आग्रह कुठे होता? पोळी कोरडी खाऊ नये, एवढंच.

गेल्या रविवारी मी बरोबर होतो. खाणीच्या वर मोतीला मुंगसाचा वास लागला आणि दोरी अण्णांच्या हातातून सुटली. "हजर!" अण्णा ओरडले. एकदाच. मोतीची शेपटी गवतात दिसेनाशी झाली. दुसरी हाक अण्णांच्या घशापर्यंत आलेली मला स्पष्ट दिसली, स्मरणपत्र क्रमांक दोन, जावक क्रमांकासह. त्यांनी तोंडावर हात दाबला, गर्रकन पाठ फिरवली आणि ६८ वर्षांचा तो माणूस उताराने सुसाट पळत सुटला.

समोरून येणारे एक गृहस्थ हे पाहून तसेच मागे वळून पळायला लागले. "बिबट्या आहे का हो?" हे त्यांनी पळतापळताच विचारलं.

वळणावर अण्णा दम खायला थांबले तेव्हा पायाशी मोती होता, जीभ बाहेर, दोरीला अर्धं झुडूप अडकलेलं. त्याच्या शेजारी टेकडीवरची दोन भटकी कुत्रीही शिस्तीत बसली होती. अण्णांनी डबी उघडली. दोन तुकडे मोतीला दिले, एकेक त्या दोघांना.

"हा कायम," धाप आवरत ते मला म्हणाले. "हे दोघं रोजंदारीवर."