स्वस्त आंघोळीचा मुहूर्त

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की आमच्या नाशिकच्या घरात गिझरच्या बटणाला उसंत नसते. यंदा मात्र बटणाचा ताबा अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घेतला. निमित्त नव्या स्मार्ट वीजमीटरचं. १ जुलै २०२५पासून महावितरणच्या दरात, हे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत लागू झाली. भर उन्हात सौरवीज मुबलक, तेव्हाच ती वापरा, हा हेतू. हेतू उत्तमच. पण सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली आमच्या ह्यांची पहिली पाळी सूर्य तापायची वाट बघत नाही.

अण्णा निवृत्त बँकवाले. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने मांडलं: २५ लिटरची टाकी, साधारण सव्वा युनिट, सुटला रुपया. "वर्षाला ३६५!"

"मे महिन्यातही तापवायचं?" मी विचारलं. प्रश्न नामंजूर झाला.

मग संध्याकाळी पावणेपाचपर्यंत टाकी तापवून ते पाणी पहाटे वापरायचं ठरलं. गिझरवरचे तारे मुळात याचेच असतात; साठवलेल्या पाण्याची ऊब चोवीस तासांत किती निसटते, त्यावर ते मिळतात. आमच्या गिझरचे बहुधा निखळलेत. पहाटेचं पाणी विसण आधीच घातल्यासारखं निघालं, आणि ह्यांनी न्हाणीघरातून जो आवाज काढला तो शेजाऱ्यांनीही ऐकला.

"मग सगळ्यांनी नऊनंतर करा," अण्णा म्हणाले.

"आणि माझे देव तोवर पारोसे?" सासूबाई कडाडल्या. "नरकचतुर्दशीलाही नऊ वाजता न्हाणार? सूर्योदयाआधी आंघोळ नाही, तर नरक!"

अण्णा क्षणभर हिशेबात गढले. "८० पैशांनी स्वस्त पडेल."

खरी मेख टप्प्यांत आहे, असं माझं मत. महिन्याला १०० युनिट ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर चांगलाच चढतो, आणि हिवाळ्यात त्या उंबरठ्यापलीकडे ढकलायला गिझर तत्परच असतो. रुपया सोडवण्यापेक्षा एक बादली कमी घ्यावी. पण हे अण्णांना कोण सांगणार?

शेवटी वॉशिंग मशीन आणि इस्त्री मी दुपारवर ढकलली. वॉशिंग मशीन आणि इस्त्री मी दुपारवर ढकलली. अण्णा अकराला न्हाणीघरात शिरतात. पूर्वी एका बादलीत भागायचं, आता तीन लागतात. "सवलतीतलं पाणी आहे," म्हणतात. बिल आलं तेव्हा सवलतीच्या ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारली, आणि एकूण रकमेवर चष्म्याचं घर ठेवलं.