सदर दोन्ही नावे एकच

कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सन्मानपूर्वक निवृत्त होऊन ज्यांस वर्षे लोटली, परंतु ज्यांच्यातील दप्तर काही केल्या निवृत्त होत नाही, आणि इंदापूरकडच्या मळ्यातील डाळिंबापेक्षा डाळिंबाच्या हिशेबाच्या फाईलीचे नाव ज्यांस अधिक जिव्हाळ्याचे वाटते, अशा गृहस्थांची एक स्वतंत्र जात बारामती-इंदापूर पट्ट्यात आढळते. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणते. फाईलीस ‘नवीन १’ म्हणणे हे भाऊसाहेबांच्या मते बारसे न करताच पोर शाळेत घालण्यासारखे आहे. सबब त्यांच्या संगणकात ‘मौजे लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे येथील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची सन २०२३-२४ ची अद्ययावत यादी, दुरुस्तीसह’ अशी नावे सुखेनैव नांदतात. विंडोजला ती पचतात. लिनक्सवर मात्र नावाची मर्यादा साधारणतः २५५ बाइटांची, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग तो बिचारा अनुस्वार का असेना, तीन बाइट खाते. ८५ चिन्हांत कारभार आटोपला. “यंत्राला मौजे, तालुका, जिल्हा लिहायला जागा नाही, आणि म्हणे कारभार ऑनलाइन!” असे म्हणून भाऊसाहेब चष्मा पुसतात.

परंतु त्यांची खरी कीर्ती झाली ती ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील अर्ध्या ऱ मुळे. पुण्याच्या भाच्याने तीच यादी आपल्या जुन्या मॅकवरून आणली, आणि एकाच फोल्डरात हुबेहूब एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी बसल्या. कारण असे की, ऱ हे अक्षर एकसंध लिहिता येते, तसेच र आणि त्याखालचा नुक्ता असे सुटेही लिहिता येते. मॅकची १९९८ मधली एचएफएस प्लस व्यवस्था नाव जतन करतानाच अक्षर असे फोडून ठेवी (२०१७ च्या एपीएफएसने ती खोड टाकली), आणि विंडोज आले तसे नाव निमूटपणे दाखल करून घेते. ज्या बारामतीच्या मोरोपंतांनी एका रामकथेची १०८ रामायणे रचली असे सांगतात, त्या बारामतीने दोन फायलींचे एवढे आश्चर्य का मानावे, हे मला समजत नाही.

भाच्याने कपाळाला हात लावला. भाऊसाहेब मात्र कित्येक वर्षांनी प्रफुल्लित दिसले. एकच खातेदार एका उताऱ्यावर ‘बापू’ आणि दुसऱ्यावर ‘बापूराव’ असा सापडण्यातच ज्यांची हयात गेली, त्यांना हे प्रकरण घरचेच वाटले. त्यांनी तत्काळ मसुदा सांगितला: “लिहून देतो की, सदर दोन्ही नावे एकाच फाईलीची असून…”

“मामा, युनिकोडही या दोन्हींना एकच मानते,” भाचा म्हणाला, “पण तिसरी फाईलही आहे. तिच्या नावात र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक आहे. दिसते अगदी तशीच, पण ती नियमाने वेगळी धरतात.”

भाऊसाहेबांनी क्षणभर विचार केला. “कागदोपत्री नाते लागत नाही ना? मग वारसनोंद नामंजूर.”